धाकट्या जावेची सुपरवायझरी

गोजराबाई कुणाला काही सांगायला घाबरते, असं नेरे गावात कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. अहो, ही बाई बांधावर उभी राहून नवऱ्याला हाक मारायची, तर पार ओढ्यापलीकडची चार माणसं उगाच 'ओ' द्यायची. थांब्यावर गाडी न थांबवणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला तिनं एकदा मारुंजीत गाठून असं काही झापलं होतं, की त्यानंतर तो बिचारा थांब्यावर कुत्रंसुद्धा नसलं तरी गाडी थांबवायचा.

म्हणूनच २००६ च्या दिवाळीनंतर हिंजवडीतल्या त्या काचेच्या कंपनीत साफसफाईच्या बायकांवर सुपरवायझर नेमायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांनी एका तोंडानं गोजराबाईचं नाव घेतलं. दोन वर्षं ती स्वतः तिथं फरशी पुसत होती. तिला निळा कोट मिळाला, किल्ल्यांचा जुडगा मिळाला आणि हाताखाली चौदा बायका मिळाल्या. तीन महिने कच्चं काम, असं सांगितलं. जमलं तर पक्कं, नाही जमलं तर पुन्हा बादली.

आणि जमत होतं की! कुठल्या दोघींचं पटत नाही, कुणाच्या गुडघ्याला जिना झेपत नाही, कोण सकाळी तडफेनं काम करते आणि जेवण झालं की ढेपाळते, हे तिला न विचारता कळायचं. आपल्याला हे येतं, हे तिला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं होतं. ते तिला इतकं आवडलं होतं, की पुन्हा बादलीकडं जायचं ती मनातही येऊ द्यायची नाही. तिला हे काम हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं.

घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. चौदातली एक होती अनसूया.

अनसूया म्हणजे गोजराबाईची थोरली जाऊ. सगळी भावकी तिला आक्का म्हणते. गोजरा सतराव्या वर्षी नवी नवरी होऊन या घरात आली, तेव्हा सासू देवाघरी गेलेली होती आणि पंचवीस वर्षांची आक्का सगळं घर चालवत होती. भाकरी थापायला आक्कानं शिकवलं. भाताच्या लावणीत चिखलात पाय कसा टाकायचा ते आक्कानं शिकवलं. पहिलं बाळंतपण आक्कानं केलं. एकतीस वर्षं आक्का 'ऊठ' म्हणाली की गोजरा उठली आणि 'बस' म्हणाली की बसली. आता घरं दोन झाली, चुली वेगळ्या झाल्या, तरी होळीला पुरण किती शिजवायचं ते आक्काच सांगते. आणि ही आक्का, गोजराला कोट मिळाला त्याच महिन्यात, पदर खोचून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "गोजरे, मी बी येते तुज्या कंपनीत. नाव लिहून घे." का म्हणून विचारायची गोजराची काय बिशाद? तिनं मुकाट्यानं लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी जिन्याखालच्या खोलीत काम वाटायचं होतं. गोजराबाईनं कसं वाटलं बघा. "तू तळमजला, दारापासनं लिफ्टपातुर, साडेनवाच्या आत." "तू दुसरा मजला, आरसे आदी, फरशी मागनं." एकेकीला असं नेमकं सांगत सांगत ती आक्कासमोर आली, आणि किल्ल्यांच्या जुडग्याशी चाळा करायला लागली.

"आक्का, तुमी… तिसरा मजला बघा. जमंल तसं. घाई करू नगा. दमल्यावानी वाटलं तर बसा."

आक्कानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि बादली उचलून गेली.

मग आक्का जमेल तसं करायला लागली. दांडीचा मॉप तिनं भिंतीला टेकवून ठेवला तो ठेवलाच. उकिडवं बसायचं, हातानं फडकं मारायचं, एकेक फरशी घासूनपुसून पुढं सरकायचं. पुसलेलं असं लख्ख की भात वाढून खावा. पण साडेनऊला बघावं तर लिफ्टपासून पाण्याच्या मशीनपर्यंतच! तिथून पुढं जिन्यापर्यंतचा अर्धा मजला कोरडा ठणठणीत, कॉफीच्या कपांचे डाग जिथल्या तिथं.

तो उरलेला अर्धा मजला कोण पुसायचं? आमच्या सुपरवायझरबाई. संध्याकाळी सगळ्या जणी घरी गेल्या की निळा कोट खुंटीला लावायचा आणि स्वतः पुसायला बसायचं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, अडीच महिने! बाईची कंबर धरली. नवरा कुशाबा म्हणायचा, "आगं, तुला वर चढवली का खाली उतरवली? आदी येक मजला पुसत हुतीस, आता दीड पुसतीस." त्यावर गोजराबाई कुशाबाला जे उत्तर द्यायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी उत्कर्षा मॅडमनी तिला बोलावलं. उत्कर्षा अकोल्याची, वय जेमतेम सत्तावीस, कंपनीत माणसांचं सगळं तीच बघायची. बोलणं असं भरभर, की ऐकणाऱ्याला मधे श्वास घ्यायला सापडू नये.

"गोजराताई, शुक्रवारी आपल्या बाहेरच्या ऑफिसांतले नवे लीडर येताहेत. मनिला, जकार्ता, कोलंबो, सगळीकडचे. नवीन नवीन बढती मिळालेली पोरं आहेत, माणसांना सांभाळायचं कसं ते शिकायला येताहेत. तेच ट्रेनिंग आज मी आपल्या लोकांना देतेय. तुम्हीही नव्या लीडरच आहात ना? मग तुम्ही पण बसा."

"मी? लिडर?" गोजराबाई पदराआड हसली. तिला लीडर म्हटलं की मतं मागायला येणारे पांढऱ्या कपड्यांतले लोक आठवायचे.

"आणि एक," उत्कर्षाचा आवाज जरा खाली आला. "पाहुणे तिसऱ्या मजल्यावर बसणार आहेत. त्या मजल्याच्या दोन तक्रारी आल्यात माझ्याकडं. अर्धा मजला दिवसभर तसाच असतो म्हणे. शुक्रवारी मजला चकाचक दिसला तर त्याच दिवशी तुमचं पक्कं करून टाकते. नाही दिसला, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही, ताई."

गोजराबाईचं हसू जागच्या जागी विरलं.

ट्रेनिंगला चाकांच्या खुर्च्या होत्या. गोजराबाई बसली ती थेट मागच्या भिंतीवर जाऊन आदळली. शेजारी निषाद नावाचा सांगलीचा पोरगा होता. चार महिन्यांपूर्वी टीम लीड झालेला, डोळ्यांखाली काळं. त्याच्या हाताखालच्या चार जणांचं काम तो स्वतःच करायचा, कारण 'हे चुकलंय, परत कर' असं म्हणायला त्याच्या जिवावर यायचं. गोजराबाईला तो फार आवडला.

उत्कर्षानं फळ्यावर दोन भाकऱ्या काढल्या आणि मधे भाजी. "एखाद्याची चूक सांगायची तर आधी एक चांगली गोष्ट सांगायची. मग चूक. मग परत एक चांगली गोष्ट. म्हणजे समोरच्याला घास गिळता येतो. चला, गोजराताई, निषाद तुमचा माणूस आहे असं समजा. सांगा त्याला."

गोजराबाई उठली. निषादकडं तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाबा, तू गुनाचा हायेस, दिसतंयच. पर तुज्या टेबलावर कॉफीचे इतके गोल पडलेत की रांगोळी काडल्यावानी दिसतंय. कप ठेवायचा तर खाली कागद टाक. आन बशीत इस्किटाचा चुरा ठेवून जातूस, मुंग्या माज्या बाया पुसत्यात. पर आईनं संस्कार चांगलं केलेत, दरवाजा धरतूस आमच्यासाटनं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निषादनं वहीत लिहून घेतलं.

"बघा! किती सहज!" उत्कर्षा म्हणाली.

सहज, व्हय. जगातल्या सगळ्या माणसांना सहज. एक सोडून.

तरी मंगळवारी तिनं हिय्या केला. आक्का तिसऱ्या मजल्यावर फडकं पिळत बसली होती. गोजराबाई तिच्याशेजारी उकिडवी बसली.

"आक्का, तुमच्या हातचं पुसणं म्हंजे… न्हाई म्हंजे आरसाच."

"व्हय?" आक्का म्हणाली.

झाली पहिली भाकरी. आता भाजी. गोजराबाईनं तोंड उघडलं. पाण्याच्या मशीनकडं बघितलं. तिथून पुढच्या डागांकडं बघितलं.

"…आन ऊन बी लई पडाय लागलंय आता."

"माघ सरत आला. पडनारच."

"आन तुमच्या हातचं पुसणं म्हंजे खरंच आरसा," असं म्हणून गोजराबाई उठली आणि जिन्यानं पळाली. दोन्ही भाकऱ्या वाढून झाल्या, भाजी पातेल्यातच राहिली.

बुधवार उजाडला. शुक्रवार दोन दिवसांवर. मग गोजराबाईनं ते केलं जे तिच्या भावकीत पिढ्यान् पिढ्या करत आलेत. मोठ्या माणसाला काही सुनवायचं असेल तर त्याला सुनवायचं नाही. त्याच्यादेखत दुसऱ्या कुणाला तरी सुनवायचं. समजणारा समजतो, आणि कुणी कुणाचा मान मोडला असं होत नाही. घरात असं बोलायला मांजर असतं, कोंबडी असते, दारातली म्हैस असते. कंपनीत यातलं काहीच नव्हतं. होती रजनी.

रजनी लातूरकडची. नवरा कंपनीच्या गेटवर वॉचमन, दोघं नेऱ्यात भाड्याच्या खोलीत राहायची. कामाला लागून दोनच महिने झालेले, पण तिचा पहिला मजला सगळ्यांत आधी व्हायचा. अबोल पोरगी. दुपारच्या चहाला ती नेमकी आक्काशेजारी बसलेली. गोजराबाईनं चहाचा कप खाली ठेवला, रजनीकडं बघितलं आणि ओढ्यापलीकडं पोचणारा आवाज काढला.

"काय गं रजने! अर्धी फरशी पुसायची आन अर्धी देवाला सोडायची, ही कुटली रीत? दांडीचा मॉप काय पूजायला दिलाय? बसून बसून पुसायला ह्ये काय घरचं आंगन हाय? मॅडमच्या तक्रारी मला ऐकाव्या लागत्यात. सोताचं काम सोताला कळू ने व्हय मानसाला?"

बाकीच्या बारा जणींनी चहात मान घातली. कुणाला बोलणं चाललंय ते त्यांना पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून सगळ्या आक्काकडं बघत होत्या. आक्का बिस्कीट बुडवत होती. तिनं शांतपणे बिस्कीट खाल्लं, कप विसळला आणि वर निघून गेली.

समजलं की नाही समजलं? गोजराबाईला काही कळेना. तिनं मागं वळून बघितलं तर रजनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

गुरुवारी तिसरा मजला अर्धा तो अर्धाच होता. आणि पहिला मजला अख्खा कोरडा होता, कारण रजनी आलीच नव्हती. कुणाकडं तरी तिनं तिचा एप्रन घडी घालून पाठवून दिला होता. गोजराबाईनं डोक्याला हात लावला. पाहुणे उद्या येणार, आणि सगळ्यात चांगली बाई आपण आपल्या तोंडानं घालवली!

सुट्टी झाल्यावर ती घरी न जाता तडक रजनीच्या खोलीवर गेली. रजनी दारात मेथी निवडत होती. तिनं 'या' म्हटलं, पण वर बघितलं नाही.

"ताई, मी कुठं अर्धी फरशी सोडायले ते तरी दाखवा की," ती म्हणाली. "रात्रभर आठवून बघितलं मी. माझ्या मजल्यावर एक डाग दावा, मी नाक घासते."

"तुज्या मजल्यावर न्हाईच डाग."

"मग?"

गोजराबाई उंबऱ्यावर टेकली. सांगावं तर लागणारच होतं. "त्ये तुला नव्हतं गं. त्ये आक्कांना हुतं."

रजनीच्या हातातली मेथी हातातच राहिली. "अगं माय! मग मला कशाला?"

"त्या माझ्या थोरल्या जाऊबाई हायेत. त्यांना कसं बोलू मी? मग शेजारच्याला बोलायचं, म्हंजे त्यांना समजतं. आमच्यात असंच असतं."

"आमच्यात बी असंच असतं की ताई!" रजनी उसळली. दोन महिन्यांत तिचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. "पण आमच्यात मांजराला बोलतात. नाव घेऊन चांगल्या कामाच्या बाईला नाही बोलत. मांजराची काय नोकरी जाते का? तेरा बायांत माझं तोंड काळं झालं, त्याचं काय?"

आपल्याला चांगलं जमतंय म्हणून अडीच महिने गोजराबाई फुशारली होती, आणि जिला जपायला हवं होतं तिलाच तिनं ओल्या फडक्यासारखं पिळून टाकलं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"चुकले मी. उद्या ये बाई. पाया पडते."

"पाया नका पडू," रजनी म्हणाली. "उद्या आठ वाजता हजेरीला येते. सगळ्यांसमोर सांगा, ते माझं नव्हतं म्हणून. सांगितलं तर एप्रन घालते. नाही तर तशीच माघारी."

आता आली का पंचाईत! रजनीचं नव्हतं म्हटलं की कुणाचं होतं ते सांगावं लागणार. चौदा जणींसमोर, तोंडावर, नाव घेऊन. रजनी नाही आली तर पहिला मजला बुडाला, आक्काला बोललं नाही तर तिसरा बुडाला, आणि बोललं तर एकतीस वर्षांचं नातं बुडालं. त्या दिवशी गोजराबाईच्या भाकरीला पापुद्रा आला नाही. कुशाबानं कधी नव्हे ती नावं न ठेवता खाल्ली.

शुक्रवारी आठ वाजता जिन्याखालच्या खोलीत सगळ्या उभ्या होत्या. आक्का खिडकीपाशी, हातात बादली. रजनी दारात, एक पाय आत, एक बाहेर. गोजराबाईनं कोटाची बटणं लावली. एक बटण भलत्याच काजात गेलं.

"परवा मी रजनीला बोलले," ती म्हणाली. आवाज कसाबसा समोरच्या भिंतीपर्यंत पोचला. "त्ये तिचं नव्हतं. तिचा मजला सगळ्यात चांगला असतो. माझं चुकलं. रजनी, बाई, माझं चुकलं."

कुणी तरी मागून हळूच विचारलं, "मंग कुनाचं हुतं?" अशा वेळी असं विचारणारी एक तरी असतेच.

गोजराबाईनं जमिनीकडं बघत सांगितलं, "तिसऱ्या मजल्याचं हुतं. आक्कांचं."

आता बोललेच आहे तर पुरतं बोलावं, असं म्हणून तिनं मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा आक्काच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "आक्का, तिसरा मजला लिफ्टपासनं जिन्यापातुर पुरा तुमचा हाय. अर्धा न्हाई. बसून न्हाई पुसायचा, येळ पुरत न्हाई. दांडीच्या मॉपनं पुसायचा. आन साडेनवाच्या आत झाला पायजे."

मग आक्कानं पदर खोचला, भिंतीला टेकवलेला मॉप उचलला आणि रजनीच्या बाजूनं बाहेर पडली. रजनीनं आत येऊन एप्रन बांधला.

झालं, संपलं, गोजराबाईच्या मनात आलं. आता आक्का आपल्या नवऱ्याला, विश्राम भाऊजींना सांगणार. भाऊजी भावकीला सांगणार. कंपनीचा कोट अंगावर आल्यावर गोजरा थोरलीला चारचौघींत बोलली, हे गावात नातवंडांपर्यंत पुरणार. वर जाऊन बघावं असं तिला शंभर वेळा वाटलं, पण ऐन वेळी तळमजल्यावर कुणाच्या तरी हातून बादली लवंडली, आणि ते निस्तरेपर्यंत साडेनऊ वाजले. दारात पाहुण्यांची गाडी लागली आणि उत्कर्षानं तिला दंडाला धरून लिफ्टमधे घेतलं. "चला गोजराताई, तुम्ही पण चला बरोबर."

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडेपर्यंत गोजराबाईनं डोळे मिटून घेतले होते. उघडले तर समोर फरशी. पाण्याचं मशीन आलं, ते मागं पडलं, तरी फरशी लख्खच. पार जिन्यापर्यंत. एक डाग नाही. आणि जिन्याच्या तोंडाशी आक्का उभी होती, दोन्ही हातांत मॉपची दांडी धरून.

दहा-बारा पोरंपोरी बुटांचा आवाज न करता चालत गेली, इतकी ती फरशी त्यांना जपावीशी वाटली. त्यातली मनिलाची एक ठेंगणी पोरगी थांबली आणि हसत काहीतरी म्हणाली. उत्कर्षानं मराठीत सांगितलं, "ती विचारतेय, तुमच्या हाताखाली किती माणसं आहेत?"

"चौदा."

पोरीनं डोळे मोठे केले आणि भडाभडा बोलली. "ती म्हणते, तिच्याकडं सहाच आहेत," उत्कर्षा म्हणाली, "आणि त्यातले एक तिच्या मामाच्या वयाचे आहेत. त्यांना काही सांगायचं धाडस तिला होत नाही. त्यांचं काम तीच रात्री घरी नेऊन करते. तुम्ही कसं सांगता, असं विचारतेय."

गोजराबाईनं त्या परक्या पोरीकडं असं बघितलं, जणू माहेरचं कुणी भेटलं. मग जिन्याकडं बघितलं. "तिला म्हनावं, मी बी आजच सांगितलंय. जिती ऱ्हायले तर उद्या कळवते."

उत्कर्षानं ते इंग्रजीत सांगितलं आणि सगळे हसले. आत जाता जाता ती गोजराबाईच्या कानाशी वाकली. "पक्कं हं, गोजराताई. कागद संध्याकाळी देते."

अडीच महिने ज्याच्यासाठी जीव आटवला ते मिळालं, आणि गोजराबाईला आनंद व्हायला सवडच नव्हती. पाहुण्यांच्या मागं दार बंद झालं. मजल्यावर आता ती होती आणि आक्का होती. ती फरशीच्या कडेकडेनं चालत जिन्यापाशी गेली.

"आक्का, रागावलासा?"

"रागावले की," आक्का म्हणाली. "अडीच म्हैनं रागावले हाय मी."

"अडीच म्हैनं?"

"मंग काय? पैल्या दिशी बाकी सगळ्यांना काम दिलंस. मला काय दिलंस? मला मान दिलास. मान घिऊन मी काय पुसू गं? जमंल तसं करा, दमला तर बसा. म्हातारी केलीस माजी दोन सबदांत. माजी हद्द कुटवर हाय त्ये तरी कुनी सांगितलं का? पानी पेयाच्या मशीनपातुर करायची मी. फुडलं सकाळी येऊन बघावं तर कालचं डाग पुसल्यालं, रातपाळीचं नवं पडल्यालं. म्हनलं, आसंल दुसऱ्या कुनाचं तरी."

"मी पुसायची त्ये. रोज सांजच्याला."

"परवा कळलं, त्यो बी अर्धा माजाच हुता. त्या पोरीला बोललीस तवा." आक्काचा आवाज चढला. "त्याचा लई राग आला मला. मला बोलायचं तर मला बोल. मी काय काचंची हाय? परक्या मुलखातली पोर, तिला रडवलीस माज्यापायी. त्या दिशीच यिऊन तुला चार शब्द सुनवनार हुते. मंग म्हनलं, न्हाई. आता हिनंच बोलाय पायजे."

गोजराबाई खाली मान घालून ऐकत होती. ही ओळखीची आक्का होती, बोलणारी, आणि ऐकून घ्यायला बरंही वाटत होतं. पण मग आक्कानं मॉपच्या दांडीवर हनुवटी टेकवली, आणि ती पुढं बोलली तेव्हा आवाज वेगळाच होता.

"सासूबाय गेल्या तवा मी चोवीस वर्साची गं, गोजरे. तवापासनं सगळी माज्या तोंडाकडं बघत्यात. डाळ किती टाकू, पाव्हण्यांना काय देऊ, पोरीला कुटं द्यायची. बत्तीस वर्सं मीच सांगतीया. कुनी मला म्हनलं न्हाई कवा, की अनसूये, येवडं येवडं कर आन जा घरी, बाकीचं मी बगते. म्हनून आले हितं. म्हनलं, आपली गोजरी हाय, तिच्या हाताखाली जावं, ती सांगंल तेवडं करावं, घरी यिऊन डोस्कं मोकळं करून निजावं. आन तू बया, मला हितं बी आक्काच करून बशीवलंस."

गोजराबाईच्या डोळ्यांना धार लागली. एकतीस वर्षं एका घरात, एका अंगणात काढली, आणि ही बाई दमली असेल हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. आक्का कधी दमते का? पाऊस, डोंगर, आक्का, ही असतातच, असं ती धरून चालली होती.

"रडतीस काय?" आक्का म्हणाली. "त्या मॅडमनं पक्की केली ना तुला? तिच्या तोंडावरनंच कळलं मला. मंग बोल की. फुडं काय?"

गोजराबाईनं कोटाच्या बाहीनं नाक पुसलं. इकडं तिकडं बघितलं. "जिन्याच्या कठड्यावर धूळ हाय," ती म्हणाली. "वरपासनं खालपातुर पुसून काडा. फडकं कोरडं घ्या. मंग च्याला या."

"बरं," आक्का म्हणाली.

एकतीस वर्षांत गोजराबाईनं आक्काला हजारदा 'बरं' म्हटलं होतं. आक्काकडून तो शब्द तिनं आज पहिल्यांदा ऐकला. ती वळली आणि लिफ्टकडं निघाली. मागं जिन्यावर फडकं झटकल्याचा आवाज आला. कठडा नीट पुसला जातोय की नाही ते एकदा वळून बघावं, असं तिच्या फार मनात आलं.

तिनं बघितलं नाही.